पुलगावच्या एसटीची धून आणि मामांचा आवाज

एसटी, रिक्षा, रेल्वेचे आवाज टिपायचे आणि त्यातून नवी धून बांधायची, हा माझा छंद. जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावर आहेत तोवर त्यांचा खडखडाट साठवावा, म्हणून पुण्याहून वर्धा गाठलं. मुक्काम सिंदी मेघेला, मामांकडे. मामांचं पुलगावला कापडाचं दुकान होतं; वर्षानुवर्षं एसटीनेच जायचे. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. हातपाय सावरले, ऐकलेलं सगळं समजतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही.

सकाळी मामी म्हणाली, "यायलेबी घेऊन जा. दिवसभर खिडकीत बसून राह्यते."

वर्धा स्टँडवरून देवळीमार्गे पुलगावला बऱ्याच गाड्या आहेत. सुटे पैसे ठेवा. आवाज हवे असतील तर मागच्या चाकावरची सीट घ्या. धक्क्यांनी पाठ मात्र बोलू लागते. दोन्हीकडे कपाशी, आणि मी काचांची थरथर, गिअरची घरघर, कंडक्टरबाईंची घंटी टिपत होते.

पुलगावला स्टँडबाहेर तर्री-पोहे मागवले. ते येईपर्यंत फोनवरच धून जुळवली आणि वर गुणगुणत गावांची नावं घातली. सावंगी, सालोड, देवळी. सहज हेडफोन मामांच्या कानाला लावले.

मामा गाऊ लागले. "सावंगी, सालोड, देवळी..." आणि मी न घातलेलं, "पुलगाव."

आनंद नंतरचा, आधी मी घाबरले. वाटलं, यांना पुन्हा काही झालं. हेडफोन काढून म्हटलं, मामा, बोला. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा लावले, तर चारही गावं ओळीने. मामा स्वतःच इतके हादरले होते की माझं मनगट सोडेनात. पोहे तसेच राहिले.

परतीच्या गाडीत रेकॉर्डर सुरू करायचंही सुचलं नाही. घरी धून लावली आणि त्या चालीवर मामीचं नाव गुणगुणले. मामांनी तिच्याकडे बघत सुरात म्हटलं, "सुमन."

मामीने गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसली. म्हणाली, "लग्न झाल्यापासून यायनं मले नावानं हाक नाई मारली."

दुसऱ्या दिवशी मामांना दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलं तरी काहींचं गाणं शाबूत राहतं. सरावाने थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही.

पुण्यात येऊन महिना झाला. धक्का ओसरलेला नाही, धूनही ऑनलाइन कुठे टाकलेली नाही. काल मामीचा फोन आला. मागून त्याच चालीवर मामांचा आवाज आला, "च्यात साखर कमी हाय."

"आयकलं?" मामी म्हणाली. "वर्षभरानं पयली कुरकुर."