स्टिअरिंगचा कुईं आवाज आणि अप्पांचा प्रश्न

मंगळवारी सकाळी देगलूरहून लातूरचं भाडं होतं. गाडी मामाची, चालवतो मी... कॉलेज सेकंड इयरला सोडल्यापासून हेच चालू आहे.

भाडं तिच्या घरचं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. तिचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला होता. दुपारी दोनच्या आत कॉलेजात हजर झालं नाही तर सीट दुसऱ्याला जाणार होती.

तिच्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. धान्याच्या मोंढ्यात त्यांचं आडतीचं दुकान आहे. नेहमीचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून त्यांनी मला फोन केला, एवढंच.

तिच्या भावाला, महेशला, मात्र सगळं माहीत होतं. दिवाळीत त्याची-माझी भांडणं कॉलर धरण्यापर्यंत गेली होती. त्यानंतर तिचा एकच मेसेज आला, 'आधी तुझा राग आवर.' मग बोलणंच बंद...

अप्पा पुढं माझ्या शेजारी बसले. मागं ती, महेश आणि गादीची वळकटी. गाव सुटेपर्यंत महेशची नजर मानेवर टोचत होती.

पहिल्याच मोठ्या वळणाला आवाज आला. कुईंऽऽ... कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. रस्ता सरळ झाला की बंद, स्टिअरिंग वळवलं की पुन्हा सुरू.

उदगीर जवळ आलं तसं स्टिअरिंग जड पडायला लागलं. एका वळणावर समोरून कडब्याचा ट्रॅक्टर आला आणि गाडी मला पाहिजे तेवढी वळलीच नाही... थोडक्यात वाचलो. अप्पा नुसतं "शिव शिव" म्हणाले.

उदगीरात दिसेल त्या गॅरेजवर गाडी घातली. मेकॅनिक दुसऱ्या गाडीखाली होता. तिथूनच आवाज ऐकून म्हणाला, "पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला. सोडून जावा, संध्याकाळी बघू."

महेश भडकला. "अप्पा, हा मुद्दाम करून राहिला हे!"

"मुद्दाम करून त्याला काय मिळतंय रे?" अप्पांनी विचारलं. महेश तरी त्यांना सांगणार काय?

माझा हात चाकाचे नट खोलायच्या लोखंडी टॉमीवर गेला होता, खोटं कशाला बोलू... आणि त्याच वेळी डोक्यात दुसरं पण चालू होतं. पंप गेला असेल तर ती जाणार नाही. देगलूरलाच राहील. एक क्षण लई बरं वाटलं.

मग ती दिसली. गाडीतून उतरून, फाईल छातीशी धरून उभी होती. डोळे भरलेले, पण रडत नव्हती. टॉमी खाली ठेवली आणि बॉनेट उघडलं.

स्टिअरिंगच्या ऑइलच्या डबीत ताकासारखा फेस. फेस म्हणजे हवा. कुठून तरी पंप हवा ओढत होता. पाईप चाचपत गेलो तर डबीतून पंपाकडं जाणाऱ्या पाईपची क्लिप सरकलेली...

आणि मला आठवलं. आदल्या संध्याकाळी, ती बसणार म्हणून, मी गाडी धुतली होती. इंजिनसुद्धा ब्रश घालून, पाईप हलवून हलवून घासलं होतं. म्हणजे महेश म्हणाला ते निम्मं खरंच.

क्लिप आवळली. शेजारच्या दुकानातून ऑइल आणलं, गॅरेजमधून एक जॅक जास्तीचा मागितला आणि पुढची चाकं उचलली. आता हवा काढायची. इंजिन बंद ठेवून एकानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवायचं, दुसऱ्यानं बुडबुडे बघत ऑइल ओतायचं.

महेश बसला आणि रागारागात गरागरा फिरवलं. फेस दुप्पट.

"हळू!"

"मला शिकवतो व्हय?"

अप्पा वैतागले. "उतर तू खाली. माय, तू बस."

ती बसली. मधे उघडं बॉनेट. तिला मी दिसत नव्हतो, मला ती.

"डावीकडं."

"पूर्ण?"

"हाव. थांब... आता उजवीकडं."

"एवढं?"

"अजून थोडं."

इतक्या महिन्यांनी आम्ही बोलत होतो. तेही तिचा बाप आणि भाऊ शेजारी उभे असताना. आणि घाई करायची सोय नव्हती, घाई केली की बुडबुडे...

अप्पा माझ्या शेजारी वाकून बघत होते. म्हणाले, "गाडी काल धुतली व्हय?"

"हाव."

"आतून पण?"

"...हाव."

"भाड्याच्या गाडीचं इंजिन कोण घासतंय रे एवढं?"

मी डबीतच बघत राहिलो. महेश रस्त्याकडं बघायला लागला. स्टिअरिंग फिरायचं थांबलं.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं, बॉनेटच्या बाजूनं वाकून तिच्याकडं बघितलं. मग बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "फिरव माय, थांबलीस कशाला? उशीर होऊन राहिला."

बुडबुडे संपले. इंजिन चालू केलं, स्टिअरिंग फिरवलं... काही आवाज नाही.

दोन वाजायच्या आत लातूरला पोहोचलो. ती आत गेली, बाहेर आली तेव्हा हसत होती. माझ्याकडं बघून मान हलवली, बास. होस्टेलचं बघायला महेश तिथंच थांबला. परतीला मी आणि अप्पा, दोघंच.

आता विचारणार, आता शिव्या पडणार... लातूर सुटलं. नळेगाव गेलं. मी मनात सगळं जुळवलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "अप्पा, एक सांगायचं होतं..."

बघितलं तर मान खिडकीला टेकलेली. अप्पा चक्क झोपले होते.

सगळं कळूनसुद्धा तो माणूस माझ्या भरवशावर घोरत होता. पुढं काय होईल, मला काय माहीत... पण माझ्यावर एवढा भरवसा आजवर कुणी टाकला नव्हता. एसी कमी केला आणि देगलूरपर्यंत एकेक खड्डा चुकवत आलो. थँक्यू अप्पा.