दुपारची रिकामी चौकट

“दुपारचं दार कुनासाठी लागायचं, ते तिचं तिला ठावं,” भाकरी थापता थापता काकी म्हणाली. शेजारची बाई हसली. मी पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होते. मला पाहून काकीनं घाईनं भाकरी तव्यावर टाकली.

मोठ्या आईचा तो बारावा दिवस होता. मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. तिला जाऊन आता दीड महिना झाला. तीन दिवसांच्या तापात गेली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं आमच्याकडे तेराव्याला एका सवाष्णीला जेवू घालून लुगडं नेसवतात. तो त्या बाईचा शेवटचा मान. पण आबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, अजून लुगडं आणवलं नव्हतं. कुणी विचारलं की ‘बघू’ म्हणत होते. का, ते मला काकीच्या त्या वाक्यानं समजलं. आणि ती कुजबुज मुळात कुणामुळे सुरू झाली, हे तर मला आधीपासूनच ठाऊक होतं...

दोन वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, वडिलांची बदली लांब झाली आणि मला बेळगावच्या मिशनच्या शाळेतून उचलून इस्लामपूरजवळच्या या घरी ठेवलं. घरात एकोणीस माणसं. दोन चुलतभाऊ पलटणीत, त्यांच्या बायका इथे, उसाच्या पाण्याच्या पाळ्या, शाळेला चालत जाणारी मुलं, आजीचं पथ्य. मला वाटलं होतं, इथे नुसता गोंधळ असेल. पण बंबातलं पहिलं पाणी कुणाला, शेतावरची न्याहारी कुणाच्या डोक्यावर, धारा कोण काढणार, यावरून कधी आवाज चढला नाही. पहाटे चुलीपुढे बसून मोठी आई एकेकाला बोलावून त्याचा दिवस सांगायची. “तू दळान उरकून नदीला जा. तू म्हातारीला देवळात पोथीला ने, आन् उनं कलल्याबिगर आनू नगं.” ज्याचं त्याला. सगळ्यांचा दिवस एकत्र कधी कुणाला सांगितला नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी एकोणीस माणसं तिच्या डोक्यात बिनचूक फिरत असायची. माझ्या वाट्याला पलटणीतल्या माणसांच्या घरी जाऊन पत्रं वाचून दाखवण्याचं काम आलं. मी कुणाशी फार बोलत नसे, त्यामुळे ऐकायला मात्र सगळं मिळायचं.

शाळेची सवय म्हणून एकदा मी वहीत रेघा मारून घराचं वेळापत्रक मांडलं. उभी नावं, आडवे प्रहर. सगळ्या चौकटी भरल्या आणि मी थबकले. जेवणं उरकल्यावर तासभर घरात कुणीच नव्हतं. बायका नदीवर, आजी देवळात, मुलं शाळेत, गडी मळ्यात, मी पत्रांना. इतक्या माणसांना नेमकं त्याच वेळी बाहेर काढायचं, तर ते आपोआप होत नाही. आणि त्या तासाला मोठ्या आईच्या नावापुढे काहीच नव्हतं.

ते दिवसच तसे होते. भूमिगत माणसं गावोगाव फिरत, पोलीस त्यांच्या मागावर, आणि कुणाच्या घरी चार भाकऱ्या जास्त झाल्या तरी शेजारी मोजत. मी तिच्यावर नजर ठेवू लागले. टोपलीतल्या भाकऱ्या पाहायचे, मागच्या दारापाशी पावलं दिसतात का बघायचे. काही सापडेना, तसा माझा संशय वाढतच गेला. एकटीला पेलवेना, म्हणून मी ती वही काकीला दाखवली. काकी माझी धाकटी चुलती. रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून ती एवढंच म्हणाली, “विंग्रजी शिकल्याचा उपेग झाला म्हनायचा.”

चारच दिवसांनी जिचं पत्र वाचायचं ती बाई घरी भेटली नाही आणि मी लवकर परतले. दार आतून लावलेलं. मागच्या झरोक्यातून मी आत पाहिलं.

मोठी आई शेणानं सारवलेल्या गार जमिनीवर उताणी पडली होती. उशी नाही, वाकळ नाही. डोळे उघडे. हात दोन्ही बाजूंना टाकलेले, जणू ते तिचे नव्हतेच. दुसरं कुणीही नव्हतं. मी कितीतरी वेळ पाहत राहिले... तेवढ्यात तिनं मान वळवली. उठली नाही. दचकलीही नाही.

“बघितलंस न्हवं,” ती म्हणाली. “कुनाला बोलू नगंस, पोरी. चोरी केली म्हनलं तर घरातल्या घरात मिटंल. बाई दिवसाढवळ्या आडवी हुती म्हनलं, तर मी सांगितलेलं उद्या कोन ऐकंल?”

मी कबूल केलं. पुढे काकीनं विचारलं, मग काय कळलं? मी ‘काही नाही’ म्हणाले, आणि बहुधा लाजले. त्या लाजण्याचा तिनं तिला हवा तसा अर्थ लावला. तो अर्थ मला दिसत होता. तरी ती जाईपर्यंत मी गप्प राहिले. दिलेला शब्द पाळते आहे, असं स्वतःला सांगत राहिले. खरं तर माणसांसमोर तोंड उघडायची मला भीती वाटते.

तेराव्याला पंगत बसली. ओसरीवर पै-पाहुणे होते. एका म्हाताऱ्या आत्यानं लुगड्याचं विचारलं. आबा ताटाकडे बघत म्हणाले, “ऱ्हाऊ दे ते.” काकी वाढतच होती. तिचा हातही थांबला नाही. मी ताकाचं भांडं खाली ठेवलं. आबांपुढे मी तोवर मान वर करून बोलले नव्हते. माझा आवाज मलाच परका वाटला.

“आबा, लुगडं आणा. आत कुणी नव्हतं, मी पाहिलंय. मोठी आई दमायची.”