बुरशीचं बारसं

मी बुरशीवर पोट भरते आणि माझे बाबा बुरशीशी लढून. लोकांना हे सांगितलं की ते हसतात, पण आमच्या घरात हा विषय जेवताना काढायची सोय नाही. मिठबावच्या अलीकडे आमची हापूसची बाग आहे. मोहोरावर भुरी, फळावर करपा. दोन्ही बुरशीच, आणि बाबांच्या आयुष्यातली अर्धी भांडणं या दोघांशीच झालेली. मी मात्र कोल्हापूरच्या एका कॉलेजात बसून लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या बुरश्या मायक्रोस्कोपखाली बघते, त्यांची वर्णनं लिहिते आणि त्यांना नावं देते.

मागे एकदा बाबांनी बागेत विहीर खणायला घेतली. पाणी लागायच्या आधी काळा, पापुद्रे सुटणारा चिखल लागला आणि मला फोन आला, "पाणी खंय आसा देव जाणे. हयसर कोळसो लागलो!" बाबा अगदी रडकुंडीला आलेले. मी इकडे आनंदाने खुर्चीतून उठलेच. जमिनीखाली दबलेल्या जुन्या जंगलाचा तो कच्चा कोळसा होता आणि अशा कोळशात पानांबरोबर पानांवरची बुरशीही राहून जाते. मी फोंडाघाट उतरून आले, पिशव्या भरल्या आणि बाबा जिला घाण म्हणत होते ती जपून कोल्हापूरला नेली. विहिरीला पुढे पाणी लागलं, म्हणून आमचे संबंधही शाबूत राहिले.

तो कोळसा ॲसिडमध्ये ठेवायचा, माती विरघळू द्यायची, उरलेलं धुऊन, गाळून काचेवर घ्यायचं. मग बघत बसायचं. जिवंत बुरशी वाढवून तपासता येते. या मेलेलीचं फक्त रूप उरलेलं असतं. पेशी किती, त्यांच्यामधले पडदे किती, भोक आहे की नाही, कड गुळगुळीत की दातेरी, एवढ्यावरूनच तिचं कूळ ठरवायचं. बहुतेक वेळा कुणीतरी आधीच तिचं वर्णन करून ठेवलेलं निघतं आणि आपला चेहरा पडतो. पण त्या चिखलात एक चपटी, गोल, तपकिरी चकती सापडली. मधल्या भोकापासून कडेपर्यंत पेशींच्या ओळी गेलेल्या आणि कडेला बारीक बोटं फुटलेली. जुनं सगळं साहित्य पालथं घातलं, तशी कुठेच नोंदलेली नव्हती. खात्री पटली तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले.

नव्या प्रजातीला नाव द्यायचा मान तिचं वर्णन करणाऱ्याचा. जिथे सापडली त्या गावाचं नाव द्यायची पद्धतही आहे. मे महिन्यात घरी आले तेव्हा शोधनिबंध तयार होता, फक्त नाव घालायचं बाकी होतं. बाबा पडवीत पेट्या भरत होते. मी मोठ्या थाटात सांगितलं की मी आपल्या गावाचं नाव देतेय, आता ते जगभर जाणार.

"कशाक दितंस?"

"एका बुरशेक."

बाबांच्या हातातला आंबा हातातच राहिला. "खुळी झालंस काय गो? पेटयेर गावाचा नाव आसता. गिऱ्हाईक म्हणतला, ह्या बुरशेच्या गावचे आंबे, नको माका! सगळ्या गावाच्या पोटार पाय हाडतलंस."

मी म्हटलं, हा निबंध वाचणारी सगळी माणसं एका एसटीत मावतील आणि त्यातलं कुणी आंब्याच्या पेटीकडे बघणारही नाही.

"मगे नाव जगभर कसा जातला?"

यावर मी चिडलेच. दोन दिवस धुसफुसत होते. कोल्हापूरला परत जाऊन गुपचूप तेच नाव घालता आलं असतं, पण मग त्यात काय राम? माझ्या कामातलं काहीतरी एकदा तरी बाबांना आवडावं, एवढीच माझी धडपड होती.

शेवटी बाबाच म्हणाले, "दाखय तरी तुजी बुरशी." मी बरोबर आणलेला छोटा मायक्रोस्कोप पडवीतल्या टेबलावर मांडला आणि चकतीची काच त्याखाली सरकवली. एक डोळा हाताने दाबून बाबा वाकले.

"मेली आसा मां? नक्की?"

"लाखो वर्सां झाली."

"फवारल्याशिवाय?"

मी हसले, तेही हसले. मग पुन्हा वाकून बराच वेळ बघत राहिले. "नक्षी बरी आसा," म्हणाले आणि डोळा न काढताच पुढे बोलले, "गावाचा नको. माजा नाव घाल. माजा नाव खंयच्या पेटयेर आसा? खराब झाला तर माजाच होतला."

माझा सगळा राग त्या क्षणी उतरला. म्हटलं, "चलात, बाबा. तुमचाच घालतंय."

"मगे कोणाक पुसूक येता?"

"नाय. एकदा छापून इला की कायमचा. उद्या कोणी माजी चूक काढली तरी नाव नोंदीत ऱ्हवता."

बाबा सरळ उभे राहिले. "मगे माज्या बापाशीचा पण घालूक जमात?"

आपल्याकडे नाव म्हटलं की पाठोपाठ बापाचं नाव येतंच, तेव्हा त्यांना यात वावगं काहीच वाटलं नाही. मला मात्र सांगावं लागलं, "एकच शब्द बसता, बाबा."

बाबांनी बागेकडे पाहिलं. ती कलमं आजोबांनी लावलेली. फळं धरायच्या आधीच ते गेले, त्यांचा एक फोटोसुद्धा घरात नाही.

"मगे त्याचाच घाल," बाबा म्हणाले. "माका तू आसस."

मला रडू फुटलं. तशीच बसून मी आजोबांचं नाव लॅटिनच्या वळणाने लिहिलं आणि बाबांनी माझ्या पाठीमागे उभं राहून ते अक्षर अक्षर लावत वाचलं.