कळसाच्या वरची सळई

कलगोंडा लाइट ऑफिसात पस्तीस वर्षं वायरमन होता. रिटायर झाला, पण खोड काही गेली नाही. कुणाच्या लग्नाला गेला तरी आधी मांडवातल्या वायरी बघायचा, मग नवरदेव. निपाणीजवळच्या आपल्या गावात तो सगळ्यात जास्त भांडला तो बस्तीसाठी, म्हणजे जैन मंदिरासाठी. शिखरावर विजेपासून बचाव करणारी सळई बसवा, हा त्याचा हेका. आणि कळसाच्या वर काहीही जाता कामा नये, हा कमिटीच्या सन्मती आण्णांचा.

"देवाला शिंग लावतोस व्हय रं?" आण्णा विचारायचे. दोन वर्षं हेच चाललं. शेवटी कमिटीच कंटाळली आणि सळई बसली.

सळईपासून तांब्याची पट्टी बाहेरच्या भिंतीवरून उतरून मागच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून गाडली होती. खड्डा ओला राहावा, वीज जमिनीत नीट मुरावी म्हणून कलगोंडा उन्हाळाभर त्यात घागरींनी पाणी ओतायचा. माणूस झाडाला पाणी घालतो, हा मिठाकोळशाला घालतोय, म्हणून गाव हसायचं. तो कुणाला बधला नाही.

यंदा मे महिन्यात बस्तीतली पूजा फारच लांबली. कलगोंडाची बायको पद्मावती हिचं त्या दिवशी एकाशन होतं. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही सूर्य मावळायच्या आत. घर मळ्यात, वाटेत सगळं उघडं रान. ती जायला उठली आणि नेमका वळीव गडगडला.

कलगोंडा दारात आडवा उभा राहिला. "शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास कुणी भाईर पडायचं न्हाय. भिंतीला टेकू नका, घंटेला हात लावू नका."

"अवो, दिवस बुडंल! सकाळपास्नं पोटात कण न्हाय."

"बुडू दे गं."

"बाजूला व्हा म्हणते न्हवं!" ती चारचौघींत कडाडली.

तो हलला नाही, पण धास्ती त्यालाही होती. बाहेर सोडावं तर उघडं रान. आत ठेवावं तर सगळा भरवसा आपणच बसवलेल्या पट्टीवर. एखादा जोड ढिला राहिला असेल तर?

तेवढ्यात डोळे दिपले, कानठळ्या बसल्या आणि लाइट गेली. बायका किंचाळल्या.

"शिखरावर पडली!" सन्मती आण्णा ओरडले.

कलगोंडा अंधुक उजेडात एकेकाला हात लावून बघत सुटला. सगळे धडधाकट होते. दोघी-तिघी तर, सळईनंच वीज ओढून आणली म्हणून त्यालाच बोल लावत होत्या, आणि ते बोल त्याला लई गोड लागले. भिंतीचा टवकाही उडाला नव्हता. मग मात्र तो फरशीवर बसला आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला.

पद्मावती शेजारी येऊन टेकली. बऱ्याच वेळाने गडगडाट थांबला, तोवर बाहेर अंधारलं होतं.

"दिवस बुडाला गं," तो खाली मान घालून म्हणाला. "तू उपाशी ऱ्हायलीस."

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"उद्या जेवीन की. उद्याचा दिवस दिसणार हाय, ह्ये काय कमी झालं?"