मुकुंदरावांची माती

हैदराबादेत आमच्या विद्यानगरच्या गल्लीत चतुराबाईंच्या घराला सगळे ‘डब्बा घर’ म्हणत. भिंतीवर टिचकी मारली की टण् वाजायचं. वीट नाही, दगड नाही. पातळ पोलादी पत्रा गार असतानाच वाकवून केलेली चौकट, तिला तिरप्या ताणपट्ट्या, वर फळ्यांचं सपाट छप्पर. नवीन कंपन्या येत होत्या त्या काळात त्यांचा मुलगा विक्रम अशी घरं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला आणि तिथूनच त्यानं हे घर उभं केलं.

पण घर निवडलं चतुराबाईंनी. कारखान्यात एक अख्खी खोली हलत्या पाटावर ठेवून भूकंपासारखी गदागदा हलवून दाखवली होती. पट्ट्या ताणल्या, स्क्रू करकरले, छप्पर जागचं हललं नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

“आता वर दोन हात माती टाकून हलवा,” चतुराबाई म्हणाल्या.

कारखान्याचा साहेब हसला. “अम्मा, इत्ते बोझे के वास्ते नहीं बनाये इसकू.”

“बनाये नहीं ना? बस, तेवढंच पाह्यजे मला.”

किल्लारीच्या भूकंपात त्यांची भाग्यलक्ष्मी गेली, वयानं सोळाची. गावचं घर मातीच्या धाब्याचं. दरसाल पावसाआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना कुणी काढायचा नाही. नवरा वारल्यावर कारभार धाकट्या दिराकडे, मुकुंदरावांकडे. त्या वर्षी आढ्याचं लाकूड वाकलं होतं. “भाऊजी, औंदा माती टाकू नका, उलट थोडी काढा,” असं चतुराबाईंनी दोनदा सांगितलं. मुकुंदराव म्हणाले, “बाईमाणसानं छपराचं बघू नये.” आणि टाकली. गणपती बुडाले त्या पहाटे सगळं खाली आलं. पुढं कुणीही विचारलं की ते वर बोट दाखवून म्हणायचे, “देवाची करणी.”

चतुराबाईंना त्यांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं. ‘माती मी टाकली.’ बस. त्यासाठी त्या वाट बघत होत्या.

म्हणून मुकुंदराव मोतीबिंदू काढायला हैदराबादेला आले तेव्हा त्यांनी आनंदानं ठेवून घेतलं. ज्वारीची भाकरी, वर तुपाची धार. मला आपलं कौतुक वाटलं. पण जेवायला बसवायच्या ते भिंतीवरच्या भाग्यलक्ष्मीच्या फोटोसमोरच. ऑपरेशन होऊन दोन महिने उलटले तरी त्या जाऊ देईनात.

एप्रिलात डब्बा तापला. चतुराबाई लग्नाला सिकंदराबादला गेल्या आणि मुकुंदरावांना गावचा गारवा आठवला. मजूर बोलावून त्यांनी छपरावर मातीचा थर अंथरला. चांगला वीतभर!

परत आल्या तर छताच्या फळ्या पोटासारख्या खाली आलेल्या. विक्रम कपाळाला हात लावून म्हणाला, “काका, हलकं आहे म्हणूनच हे घर धक्क्यात टिकतं. जितकं ओझं वर, तितका हिसका खाली. पट्ट्या तुटतील. थांबा, माणसं आणतो.”

“माणसं कशाला?” चतुराबाईंचा आवाज अगदी मऊ होता. “ज्यानं टाकली त्यालाच काढू दे.”

मुकुंदराव फावडं, घमेलं घेऊन चढले. गल्ली गोळा झाली. अर्धी माती खाली आल्यावर चतुराबाईंनी शिडी ओढून माझ्या कुंपणाला टेकवली.

“वहिनी, शिडी!”

“माती कुणी टाकली, भाऊजी?”

“अवो, दिसतंय की, मीच टाकली!”

“ही नव्हं. ती.”

फळ्या चटका देत होत्या, मुकुंदराव एका पायावरून दुसऱ्यावर होत होते.

“देवाची…”

“देवानं घमेलं उचललं हुतं?”

मी न राहवून म्हटलं, “चतुराबाई, ऊन लागेल हो त्यांना.”

“लागू दे, बाई. माझ्या लेकीला दोन हात मातीची सावली हुती.”

विक्रम शिडीकडे वळला. आईनं नुसतं पाहिलं, तो थांबला. वर म्हातारा मातीत मटकन बसला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मी टाकली. तुम्ही नको म्हणला हुतात. मीच टाकली.”

“गल्लीला ऐकू गेलं नाही.”

“मी टाकली!” ते ओरडले आणि तोंड झाकून रडू लागले.

मला वाटलं, आता यांचेही डोळे भरतील. नाही. त्यांनी सावकाश शिडी आणली, नीट रोवली, हलवून बघितली.

“आता उरलेली काढा,” त्या म्हणाल्या, “आणि मग उतरा, मुकुंदराव.”

भाऊजी हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा मी ऐकला नाही.