यादी प्रमोदची, निर्णय माझा

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. प्रमोद असताना धीर झाला नाही आणि आता तो नाही म्हणून सांगतो आहे, यात काही मोठेपणा नाही. महिन्याभरापूर्वी अमरावतीहून त्याच्या बायकोचा, रेखाचा फोन आला. "काकाजी, हे गेले..." एवढंच ती बोलू शकली. फोन ठेवल्यावर मी सगळ्यात आधी प्रमोदचा ब्लॉग उघडला. जाण्याआधी त्यानं ते लिहून तर ठेवलं नाही ना, हे बघायला. रडू त्यानंतर आलं.

प्रमोद प्रोग्रामर. नोकरी अमरावतीला, आईवडील अकोल्याला. शनिवारी यायचा आणि रविवारची सकाळ आमच्या वाचनालयात काढायचा. मी तिथला कार्यवाह, त्याच्या वडिलांचा मित्र. वाचनालयाच्या देवघेवीसाठी त्यानं स्वतःहून एक प्रोग्राम लिहून दिला, चहाशिवाय काही न घेता. कुठलं पुस्तक कोणी कधी नेलं ते चटकन पडद्यावर यायचं. एका रविवारी त्यानं माझ्या हातात एक लांबलचक यादी ठेवली. दहा वर्षांत कोणीही घरी न नेलेली पुस्तकं.

"काकाजी, याइले दारापाशी वेगळं कपाट देऊ. वरते पाटी लावू, 'आमाले कोनी नेत नाई'. लोकं हसतीन, पन नेतीन. मी तं एकएक वाचून लिहूनच राह्यलो."

लिहीत होताच तो. त्याच्या ब्लॉगवर रोज काहीतरी असायचं. कधी त्या पडून राहिलेल्या पुस्तकांपैकी एखादं, कधी टीव्ही, कधी कॉम्प्युटर. मालिकेतल्या घरात एवढी माणसं राहतात, पण त्यांच्यातलं कोणी कधी टीव्ही का पाहत नाही? प्रोग्राम बिघडला की शिकलेला माणूसही मशीन बंद करून पुन्हा सुरू करतो, आणि चाललं की नारळ फोडल्यासारखा खूश होतो, असं का? वाचणारे मोजकेच होते. त्याला त्याचं काही नव्हतं.

मला मात्र जागा हवी होती. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढायची होती आणि कपाटांनी भिंती अडवल्या होत्या. ती यादी मला आयतीच मिळाली. समितीला विचारलं नाही, प्रमोदला तर नाहीच. तो अमरावतीला असताना आठवड्याच्या मधल्या एका दिवशी रद्दीवाला बोलावला आणि यादीतली सगळी पुस्तकं काट्यावर घातली. पोतं भरताना एकदोन पुस्तकांवर अर्पणाची अक्षरं दिसली. मी पान मिटलं.

आमसभेत एक वृद्ध सभासद उभे राहिले. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी दिलेला संच जागेवर नव्हता. सभागृह माझ्याकडे पाहू लागलं. मी बोलून गेलो, "कॉम्प्युटरनं यादी काढली. त्याप्रमाणे पुस्तकं काढली."

प्रमोद मागे दाराशी उभा होता. सगळ्या माना वळल्या.

"काय बे प्रमोद, तुया प्रोग्रामानं लोकाइच्या बापाचे पुस्तकं खाल्ले ना!" कोणीतरी ओरडलं. हशा झाला, मग शिव्या. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. एक शब्द मी बोलायला हवा होता... मी पुढचा विषय पुकारला.

सभा संपल्यावर जिन्यात तो भेटला. म्हणाला, "काकाजी, प्रोग्राम इचारलं तेवढंच सांगते. पुस्तकं रद्दीत इका म्हून नाई सांगत." आणि खाली उतरून गेला. पुन्हा वाचनालयात आला नाही. मूर्तिजापूरच्या आणि बार्शीटाकळीच्या वाचनालयांना तोच प्रोग्राम हवा होता. त्यांनी नको म्हणून कळवलं. गावात त्याचं नाव 'पुस्तकखाऊ' पडलं. त्याचे वडील माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले. म्हणजे त्यानं घरीही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून सकाळचा चहा घेऊन मी त्याचा ब्लॉग उघडू लागलो. आज लिहिलं असेल का? त्यानं रिमोटवरच्या प्लास्टिकच्या पिशवीवर लिहिलं, फोनवर मराठी टाइप करताना होणाऱ्या फजितीवर लिहिलं, बातम्या देणाऱ्या बाईला "जेवली का वं?" विचारणाऱ्या आपल्या आईवर लिहिलं. सभेवर कधीच नाही. वाचून झालं की मी सुटकेचा श्वास टाकायचो. विनोद कळायचा, पण हसू फुटायचं नाही. पडून राहिलेल्या पुस्तकांबद्दल मात्र त्यानं पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

त्याचं दुखणं कळल्यावर मी अमरावतीला गेलो. राजापेठेतल्या घरात तो पलंगावर उशांना टेकून बसला होता, समोर आवाज बंद केलेला टीव्ही. रेखा चहा ठेवायला आत गेली. बसमध्ये मी वाक्य जुळवून आणलं होतं. "प्रमोद, ते वाचनालयाचं..." इतकं म्हणालो आणि अडकलो.

तो हसला. "काकाजी, ब्लॉग कोन्या गावातून उघडला ते मले दिसते. अकोल्यातून रोज सकाळी एकच जन येते. नवं लिहिलं का पाह्यते, अन् लगेच बंद करते."

मी उगाच रिमोट उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"मी नव्हतो लिहिनार काकाजी. आता तरी भेव सोडून वाचत जा."

रेखा चहा घेऊन आली. कप हातात घेतला. पुस्तकं मी विकली, नाव तुझं पुढे केलं, मला माफ कर... शब्द तोंडापर्यंत आले होते. तो वाट पाहत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी म्हणालो, "औषधं वेळेवर घेत जा, बाप्पा."