पिवळसर भाकरी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही नाशिकरोडला राहत होतो. मुलगी सात वर्षांची, पण वजन वाढतच नव्हतं. महिन्यातून दोनदा तापाने फणफणायची. डॉक्टर म्हणाले, "प्रथिनं कमी पडतायत. अंडं द्या." पुढेही ते काहीतरी सांगत होते, पण माझं लक्ष शेजारी बसलेल्या सासऱ्यांच्या तुळशीच्या माळेकडे होतं. परतताना ते एक शब्द बोलले नाहीत. मला तेही खटकलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आणताना मी मुलीला गाडीवरचं उकडलेलं अंडं खाऊ घालू लागले. आजोबांना सांगायचं नाही, हेही शिकवलं.

त्याच महिन्यात बाजरीचं पीठ बिघडलं. रंग पिवळसर, भाकरी थापताना कडेला चिरायची. दळण सासरे आणायचे. आधी वाटलं, गिरणीवाला दुसऱ्याच्या दळणावर आमचं टाकतो. मग वाटलं, सासरेच चांगली बाजरी सायखेड्याच्या भावकीला देऊन गिरणीत खाली सांडलेलं झाडणीचं पीठ आणतात. पोरगी वाळतेय आणि ह्यांना भावकी सुचतेय! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला तेव्हा सुचलं नाही.

एके दिवशी मी सरळ गिरणीत गेले. सासरे डब्यातल्या बाजरीवर पिशवीतून काहीतरी ओतत होते. हरभऱ्याची डाळ होती, थोडं भाजलेलं सोयाबीन होतं.

"हे काय बाबा?"

"डॉक्टरच म्हणले ना. बाजरीत जे कमी, ते डाळीत असतं; डाळीत कमी, ते बाजरीत. दोन्ही मिळून अंगाला लागतं. तू ऐकलं नाय का?"

मी ऐकलं नव्हतं. एवढे दिवस मी या माणसाला मनातल्या मनात चोर ठरवत होते. मान वर करवेना.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं, म्हातारा अंडं बंद करायला बघतो."

गिरणीचा पट्टा सुरू झाला. ते डब्याला हात लावून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खाऊ दे तिला. पण घरी यायच्या आधी चूळ भरायला लाव. माझ्याच ताटात जेवते ती."